कवड्याचा मालक

कवड्याचं डावं शिंग दिवाळीपासून खाली झुकत चाललं होतं. पयले उकंडाले वाटलं, झाडाले घासलं असंन. मंग बैल डोकं झटकू लागला, गव्हाणीच्या कडेले शिंग टेकवून तासतास उभा राहू लागला. संक्रांत झाली अन् त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त आलं. पुसदच्या जनावराच्या दवाखान्यातल्या दीपा मॅडमनं फोनवर सारं इचारून घेतलं अन् सांगतलं, शिंगाचा कॅन्सर हाये, मुळापासून काढा लागते. मंगळवारी सकाळी अकराच्या आत आणा. बुधवारपासून मॅडम पंधरा दिवस कॅम्पात, अन् तोवर ते डोक्यात उतरलं तं मंग कोणी काई करू शकत नाई.

उकंडा पाईकरावनं तीन टेम्पोवाल्यायले इचारलं. तिघायनंबी कानाले हात लावला. कापूस नेतो, सोयाबीन नेतो, तुह्या सासूले हारतुरे घालून नेतो, पण बैल नेत नाई, असं एकानं तोंडावर सांगतलं. सडकेवर गोरक्षावाले पोरं गाड्या थांबोतात, अन् मंग इचारपूस मागून अन् मार पयले. उकंडानं इचार केला, अकरा किलोमीटर तं हाये, पायी नेऊ. पायी जाणाऱ्या माणसाले कोण अडवते?

त्याच्याजवळ बैल एकच. जोडीचा दुसरा, लाख्या, तांड्यावरच्या हिरासिंग राठोडचा. दोघायची सावड होती. आठ दिवस जोडी उकंडाच्या गोठ्यात, आठ दिवस तांड्यावर. बारा वर्षं झालती, अन् या बारा वर्षांत दोघायनं एकमेकाले जितकं रडवलं तितकं बोंडअळीनंबी रडवलं नसंन. एकदा हिरासिंगनं उकंडाच्या बंडीवर, बसाच्या जागी, गूळ फासला. उकंडा वावरात पोचेपर्यंत मुंगळ्यायनं त्याचं काय काय चावलं ते त्याच्या बायकोले, मथुराबाईलेच, माहीत. उकंडानं त्याचा वचपा असा काढला की दुसऱ्याच्या मोबाईलवरून, आवाज घोगरा करून, वनखात्याचा साहेब बनला. तुमच्या शेळीनं सरकारी रोपटं खाल्लं, जबाबासाठी शेळी घेऊन बसस्टँडवर हजर व्हा, असं फर्मान सोडलं. हिरासिंगनं शेळीले साबण लावून आंघोळ घातली, अन् तिले घेऊन भर उन्हात तीन तास उभा राह्यला. तांडा आठ दिवस हासत होता. तवापासून हिरासिंगनं गाठ बांधून ठेवली होती की अनोळखी नंबरवरून कोणी साहेब बोलला की समजा लागते, उकंडा हाये.

मंगळवारी दिवस उगवल्यावर उकंडा निघाला. बैल हाकाची तुतारी घेतली नाई, दुखणाईत जनावराले टोचा लागते कायले. हातात नुसता दोर, काखेत कडब्याची पेंढी. बैल दहा पावलं चाले अन् थांबे. उकंडाबी थांबे. दोन्ही आंगाले वावरात कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उभी होती. काही जणायनं ती उपटून बांधाच्या धुऱ्यावर ढीग लावले होते. साडेआठले तो चिखली फाट्यावर पोचला. तिथी तीन मोटरसायकली आडव्या लावलेल्या होत्या.

सात पोरं होते. गळ्यात गमछे. एकाच्या डोळ्यावर गॉगल, अन् बाकीचे बोलाच्या आधी त्याच्या तोंडाकडं पाहत, म्हणून उकंडानं ओळखलं की पुढारी हाच.

"थांब बे. कुठी कापाले नेऊन राह्यला?"

उकंडानं सांगतलं, दवाखान्यात. गॉगलवाल्यानं नाव इचारलं. उकंडा म्हणाला, उकंडा. पूरं सांग, म्हणे. पाईकराव म्हटल्याबरोबर दोघायनं एकमेकाकडं पाह्यलं. मेलेली ढोरं वढाचं काम त्याच्या आजानं छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवाच, सोडलं होतं. या पोरायच्या नजरेत आजा अजूनबी ढोर वढतच होता.

गॉगलवाल्याजवळ कायदा मोबाईलमधी होता. त्यानं तो वाचून दाखवला. आजारी जनावर पायी नेता येत नाई. निरोगी असलं तरी डॉक्टरचा दाखला लागते. दिवस उगवाच्या आधी अन् बुडाल्यावर चालवता येत नाई. मारता येत नाई. खरं सांगाचं तं नियम खोटा नोता. चाळीस चाळीस बैलं रात्रभर पळवत नेणारे, डोळ्यात मिरची घालणारे, शेपट्या मोडणारे लोक उकंडानंबी पाह्यले होते अन् त्यायले पोटभर शिव्या देल्या होत्या. त्यायच्यासाठीच कोण्या भल्या माणसानं हे लिहून ठेवलं असंन. पण आज त्या नियमाच्या मधात उकंडा सापडला होता.

"डॉक्टरचा दाखला दाखव."

"साहेब, डॉक्टरकडंच नेऊन राह्यलो."

"म्हंजे दाखल्याबिगर नेऊन राह्यला."

"दाखला डॉक्टर देईन."

"अन् दाखला नाई तं डॉक्टरकडं नेताच येत नाई. कायदा हाये."

उकंडानं मान डोलवली. भेवानं त्याले एक खोड होती, कोणी दरडावून बोललं की तो हो म्हणे. शाळेत मास्तरनं इचारलं होतं, खडू तू चोरला का, तवाबी तो हो म्हणाला होता, अन् खडू भलत्याच्याच खिशात सापडला होता. आता एका पोरानं कवड्याच्या नाकाखालचं रक्त बोटानं पुसलं अन् सगळ्यायले दाखवलं. "यानं मारलं. मारलं ना बे?"

"हो," उकंडा म्हणाला. "नाई. नाई साहेब, शिंग सडलं हाये."

पण पयला शब्द मोबाईलमधी घेतला गेला होता. एक जण सारखा मोबाईल धरून उभाच होता. ऊन चढू लागलं. कवड्यानं डोकं खाली घातलं. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबली, अन् सात जण त्याच्याच भल्यासाठी उन्हात उभे राहून बोलत होते.

मंग कोणाचं तरी ध्यान बैलाच्या कानाकडं गेलं. कानात सरकारी पिवळा बिल्ला होता, बारा आकडी नंबरचा. गॉगलवाल्याचा मावसभाऊ ढोरायले लसी टोचाच्या कामावर होता. त्याले फोन लावून नंबर सांगतला. उकंडाले हायसं वाटलं, सरकारदरबारी लिहिलेलं हाये म्हंजे आता निकाल लागलाच. दोन मिनिटांनी पलीकडून नाव आलं. गॉगलवाल्यानं गॉगल काढला.

"बैल हिरासिंग राठोडच्या नावानं हाये."

तवा उकंडाले आठवलं. बिल्ले ठोकाले माणसं आले तवा जोडी तांड्यावर होती. उकंडा तिथीच खाटेवर बिडी वढत बसला होता. गावात बोलवा होती की बिल्ला मारला की सरकार बैल मोजते अन् उद्या काई भलतंच मांगते. हिरासिंग म्हणाला, तुले भेव लागते ना, लिहा दोन्ही माह्याच नावानं, उकंड्याचा बैल आजपासून राठोड झाला. उकंडा म्हणाला, लिहा, लग्नाले बोलवा मातर. दोघं पोट धरून हासले. माणसानं हिरासिंगचं आधार कार्ड घेतलं, दोन्ही बैलायचे कान टोचले, निघून गेला. बारा वर्षं गोठा एक, पाणी एक, तं कागदावर कोणाचं नाव हाये याचा इचार कोण करते.

हे सारं त्यानं सांगाले सुरुवात केली. सावड, आठ दिवस इकडं, आठ दिवस तिकडं, बिडी, खाट, लग्न. घाबरलेला माणूस खरं सांगू लागला की ते खोट्यापेक्षा वाईट आयकू येते. गमछेवाल्यायले एवढंच समजलं की बैल दुसऱ्याचा हाये अन् हा हासून राह्यलता असं सांगून राह्यला. आतालोक तो कसायाचा दलाल होता. आता चोरबी झाला.

गॉगलवाल्यानं मावसभावाकडूनच हिरासिंगचा नंबर घेतला अन् स्पीकरवर फोन लावला. उकंडाच्या जिवात जीव आला. हिरासिंगचा आवाज आला, "बोला." गॉगलवाल्यानं साहेबी आवाजात सांगतलं, आमी चिखली फाट्यावरून बोलतो, तुमचा बैल घेऊन एक माणूस पळून चालला होता, पकडला हाये, उकंडा पाईकराव नाव सांगते, तुमी वळखता का?

मंग हिरासिंगचा आवाज आला, खुशीत आलेला, लोणी लावलेला. उकंडाले तो आवाज बारा वर्षांपासून माहीत होता, थट्टेच्या आधी तो असाच निघे.

"कोण उकंडा? मी नाई वळखत बा. बैल माहाच हाये. धरून ठेवा त्या चोराले साहेब, लय जुना चोर हाये. चांगला कुटा. हाडं मोजून घरी धाडा."

अन् फोन बंद झाला. बंद होता होता हासणं आयकू आलं. हिरासिंगले वाटलं होतं की शेळीचा साहेब परत आला.

पयली थापड कानावर बसली. उकंडा खाली बसला, पण दोर सोडला नाई. दोर सोडला तं बैल पळेन, सडकेवर गाडीखाली येईन, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एक पोरगा धुऱ्याकडं गेला अन् ढिगातून पऱ्हाटीचा जाडा दांडा काढून त्याच्या फांद्या सवकाश मोडू लागला. कडाक, कडाक. उकंडाले प्रत्येक फांदी आयकू येत होती. सडकेवरून दोन मोटरसायकली गेल्या, चालवणाऱ्यायनं पाह्यलं अन् गती वाढवली. एक एसटी गेली. खिडकीतल्या एका बाईनं पोराचं तोंड दुसरीकडं फिरवलं. उकंडाले आपलं धोतर ओलं झाल्याचं समजलं, अन् त्याले लाज वाटाचीबी सवड भेटली नाई.

फाट्यावर नंदाबाईचं चायचं हॉटेल होतं. हॉटेल म्हंजे चार बल्ल्या अन् एक टिनाचा पत्रा. हे पोरं रोज तिच्याचकडं बसत, म्हणून ती आतालोक धुतलेलेच कप परत धूत होती. आता ती बादली घेऊन बाहेर आली. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावरच सांडलं.

"बैलाले पाणी पाजते," ती म्हणाली. "कायद्यात मनाई नसंन तं."

गॉगलवाल्यानं मोबाईलकडं पाह्यलं, जसं काही खरंच तिथी लिहिलेलं असंन. मंग तो बाजूले झाला. कवड्यानं बादलीत तोंड घातलं. बैल पाणी पिऊन राह्यला तेवढा वेळ कोणी काही केलं नाई. दांडेवालाबी उभा राह्यला. उकंडानं तेवढ्यात हात जोडले अन् म्हणाला, साहेब, एकडाव मले बोलू द्या त्याच्याशी. एकच. मंग काय कराचं ते करा. नंदाबाई बादली धरून म्हणाली, बोलू द्या ना बापू, बैल कुठी पळून राह्यला.

फोन लागला. हिरासिंग हासतच होता. "आता काय, ठाणेदार बोलून राह्यला का?"

उकंडाले समजलं की रडलो तरी तो हासंन. आण घेतली, मथुराबाईची, पोराची, बाबासाहेबाची, तरी तो म्हणंन, वा, आता नाटक मस्त वठलं. दोघायनं एकमेकाच्या साऱ्या गोष्टीयची थट्टा केली होती. एक गोष्ट सोडून.

"हिरासिंग," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालेच दुसऱ्या कोणाचा वाटला. "मी फाट्यावर हावो. बादलनं पाणी मांगतलं होतं, त्या जागी हावो."

बादल हा हिरासिंगचा लहान भाऊ. दोन वर्षांमांगं, बोंडअळीच्या साली, कपाशीवर औषध फवारता फवारता ते आंगात भिनून वावरातच पडला. पाऊस होता, तांड्यावर गाडी चढत नोती. याच जोडीले बंडी जुपून दोघायनं त्याले या फाट्यालोक आणलं होतं. इथी त्यानं पाणी मांगतलं, अन् पाणी पाजाच्या आत मान टाकली. तवापासून दोघायपैकी कोणीबी बादलचं नाव हासण्यात घेतलं नोतं.

पलीकडं हासणं थांबलं. कोंबडी ओरडलेली आयकू आली. मंग हिरासिंग म्हणाला, "फोन त्यायच्या हाती दे, भिया."

तांड्याच्या बोलीत भिया म्हंजे भाऊ. त्यानं उकंडाले तसं कधीच म्हटलं नोतं, नेहमी उकंड्याच म्हणे. गॉगलवाल्यानं फोन घेतला. हिरासिंग बोलला तवा त्याचा आवाज फाटत होता.

"बैल माहा हाये. तो माहा गडी हाये. म्याच धाडला दवाखान्यात. मंघाशी मी मस्करी केली, चुकलो, माफी करा. त्याच्या आंगाले हात लावू नका, मी येऊन राह्यलो."

उकंडानं ते आयकलं. बैल माहा हाये. तो माहा गडी हाये. अन् त्याले इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. मालक गेला अन् गडी वाचला.

हिरासिंग अर्ध्या तासात आला. एका पायात बूट, दुसऱ्यात बायकोची, बिजलीबाईची, चप्पल. मोटरसायकल उभी कराच्या आधीच त्यानं हात जोडले. एकेकाजवळ जाऊन जोडले, साताच्या सात जणायले, अन् कोणाच्याच डोळ्याकडं पाह्यलं नाई. उकंडाकडं तं नाईच. गॉगलवाला आता उदार झाला होता. त्यानं वहीतलं पान फाडून मजकूर सांगतला अन् हिरासिंगनं लिहिला, की बैल माझ्या मालकीचा असून माझा गडी उकंडा पाईकराव हा माझ्या सांगण्यावरून दवाखान्यात नेत आहे. खाली मालकाची सही. मंग गड्याची. पाच एकराचा धनी असलेल्या उकंडानं गडी ह्या शब्दाखाली सही केली. नाव वाकडं आलं.

पोरं म्हणाले, आमी सोडतो दवाखान्यालोक, मांगं दुसरे कोणी अडवतीन. दोन मोटरसायकली बैलाच्या दोन्ही आंगाले लागल्या, हॉर्न वाजवत. दुखणाईत कवड्या बिचकून धावू लागला. आता त्याले कोणी मारत नोतं, नुसतं पळवत होते. उकंडा दोर धरून संग पळत होता अन् मनात म्हणत होता, सवकाश, बापहो, सवकाश. तोंडानं म्हणाची हिंमत नोती.

दवाखान्यात पोचले तवा बारा वाजून गेलते. दीपा मॅडम थांबल्या होत्या. त्यायनं बैलाचा श्वास पाह्यला, उकंडाच्या सुजलेल्या कानाकडं पाह्यलं, अन् कोणी मारलं ते इचारलं. उकंडा म्हणाला, पडलो. मॅडमनं रजिस्टर उघडलं. "मालक कोण?"

हिरासिंगनं उकंडाले खांद्याले धरून पुढं केलं. सकाळपासून पयल्यांदाच त्यानं त्याच्याकडं पाह्यलं. "हा हाये, मॅडम. तो बिल्ला चुकून माह्या नावानं हाये. आजच्या आज बदलून द्या."

मॅडम म्हणाल्या, बदलता येतं, साधा अर्ज आहे, दोघांनी सह्या करा. त्यायनं कागद काढला, पेन पुढं केला. उकंडानं पेन घेतला. मंग त्यानं फाटकाकडं पाह्यलं. मोबाईलवाला पोरगा अजून गेला नोता. मोटरसायकलवर आडवा बसून तो थंड्या पाण्याची पिशवी दातानं फोडत होता.

"नाई मॅडम," उकंडा म्हणाला. "बैल या मालकाचाच हाये. मी गडी हावो."

"उकंड्या," हिरासिंग हळूच म्हणाला.

"मी गडी हावो," उकंडा परत म्हणाला, जरा मोठ्यानं, फाटकापर्यंत आयकू जाईन असा.

अर्ज टेबलावर तसाच राह्यला. रजिस्टरात हिरासिंगनं सही केली. कवड्याले खोड्यात घेतलं. शिंगाच्या मुळाशी मॅडमनं चार जागी सुई देली अन् दहा मिनिटं हात बांधून उभ्या राह्यल्या. म्हणाल्या, भूल पूर्ण चढल्याशिवाय कापायचं नाही, नियम आहे. सकाळपासून उकंडानं नियम हा शब्द लय वेळा आयकला होता, सुई घेऊन आलेला हा पयलाच. मंग तारेच्या करवतीनं शिंग निघालं. आत फुलकोबीसारखं सडलेलं मांस होतं, पण ते डोक्याच्या हाडाच्या वरच थांबलं होतं. वेळेवर आणला, मॅडम म्हणाल्या. बैल जगेल. मालक म्हणून लिहिलेला माणूस भिंतीकडं तोंड करून रडू लागला, अन् गडी बैलाचं डोकं छातीशी धरून उभा होता.

दोन राती दोघं दवाखान्याच्या ओट्यावरच राह्यले. हिरासिंग भाकरी आणे, उकंडा खाये. एकदा हिरासिंगनं सांगाले सुरुवात केली, की मले खरंच वाटलं होतं, तूच बोलून राह्यला. उकंडा म्हणाला, माहीत हाये. मॅडमनं कॅम्पात जाताना लिहून ठेवलेला घरी नेण्याचा दाखला तिसऱ्या दिवशी कंपाउंडरनं हाती देला. दिवस बुडाच्या आत पोचा लागते अन् भर दुपारच्या उन्हात चालवाचं नाई, म्हणून तीनच्या ठोक्याले निघाले. मोटरसायकल दवाखान्यातच ठेवली. दाखल्यावर मालकाचं नाव हिरासिंग होतं, म्हणून दोर हिरासिंगनं धरला. उकंडा पाच पावलं मांगं.

फाट्यावर पोरं चाय पीत बसले होते. गॉगलवाल्यानं हात वर केला, वळखीच्या माणसाले करतात तसा. हिरासिंगनं आवाज चढवला, पक्का मालकाचा.

"पाय उचल बे उकंड्या. झोपून राह्यला का?"

"हो मालक," उकंडा म्हणाला, अन् धावल्यासारखं केलं. पोरं हासले. एकानं टाळी देली. नंदाबाई चुलीत लाकूड सारत होती, तिनं वर पाह्यलं नाई. बारा वर्षांत दोघायनं कितीतरी सोंगं आणली होती, पण इतकं बिनचूक एकबी वठलं नोतं.

फाटा मांगं पडला. सडक वळली, पऱ्हाटीच्या आड हॉटेलाचा पत्रा दिसेनासा झाला. हिरासिंग थांबला अन् त्यानं दोर पुढं केला. कवड्यानं वळून उकंडाच्या सदऱ्याले नाक घासलं. उकंडानं मांगं पाह्यलं. सडक इकडून तिकडून रिकामी होती.

"घे ना," हिरासिंग म्हणाला.

"चाल तू पुढं," उकंडा म्हणाला. "अजून गाव आलं नाई."

थोडं पुढं गेल्यावर हिरासिंगनं दोर परत पुढं केला. उकंडानं हात मांगं बांधून घेतले.